ज्युदो क्लबामागची माणसे कशी उभी करावीत

ज्युदो क्लब म्हटले की डोळ्यांसमोर काळा बेल्ट बांधलेला प्रशिक्षक येतो आणि नवा क्लब काढू पाहणारी मंडळीही बहुधा त्याच्याच शोधापासून सुरुवात करतात. प्रशिक्षक हवाच, यात शंका नाही. परंतु सदस्यांच्या वर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या वेळेवर चालणारे लहान क्लब बंद पडताना मी पाहिले आहेत, तेव्हा चांगला प्रशिक्षक मिळाला नाही हे कारण क्वचितच होते. बहुतेक वेळा घडले ते उलटेच. मिळालेल्या एका चांगल्या माणसावर शिकवण्यापासून हॉलच्या भाड्यापर्यंत सगळे येऊन पडले, काही वर्षांत तो थकला आणि त्याच्यापाठोपाठ क्लबही थंडावला. म्हणून ही कामे प्रशिक्षकाच्या अंगावर साचण्याआधीच कोणाकोणात आणि कशी वाटावीत, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

या वाटणीत नवे असे काही नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी मंदिरात अवघ्या बारा तातामींच्या (जपानी गवती चटयांच्या) जागेत कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, तेव्हा ते स्वतः शिक्षकी पेशात होते. पुढच्याच वर्षी तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो या दोन शिष्यांना त्यांनी ‘दान’ या काळ्या बेल्टच्या श्रेणीची पहिली पायरी दिली आणि अशा ज्येष्ठ शिष्यांच्या आधारावरच शिकवण्याचा व्याप वाढत गेला. युरोपातील सर्वांत जुना ज्युदो क्लब मानला जाणारा लंडनचा बुदोक्वाई १९१८ मध्ये गुंजी कोइझुमी यांनी स्थापन केला, पण तेथे पेशाने शिकवण्याचे काम सुरुवातीला युकिओ तानी यांच्याकडे होते. क्लब उभा करणारा आणि मॅटवर शिकवणारा हे दोन वेगळे असू शकतात, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच तिथे रुजली होती.

आधी कामे लिहून काढावीत

पदे ठरवण्याची घाई करू नये. अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावे आधी वाटली की माणसे पदांवर बसतात आणि कामे मात्र होती तिथेच राहतात. त्याऐवजी क्लबाशी जवळीक असलेल्या चार-पाच जणांनी एकत्र बसून एका नेहमीच्या वर्गाची हकिकत, हॉलचे कुलूप उघडल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंत, क्रमाने कागदावर उतरवावी: किल्ली कोणाकडे असते, मॅट कोण अंथरते, दारात हजेरी कोण घेते, नवीन आलेल्या मुलाला उसना ज्युदोगी (ज्युदोचा पोशाख) कोण काढून देते, प्रथमोपचाराची पेटी कोण तपासते, शेवटचे मूल घरी जाईपर्यंत कोण थांबते. मग त्याच कागदाच्या मागे वर्षभरात एकदाच येणारी कामे लिहावीत, जसे महासंघाची नोंदणी, विम्याचे नूतनीकरण, बेल्ट परीक्षा, स्पर्धांचे अर्ज आणि हिशेबाची तपासणी.

प्रत्येक कामापुढे ते आज खरोखर कोण करते त्याचे नाव लिहिले की चित्र स्वच्छ दिसते. एकच नाव पानभर खाली उतरत गेलेले असेल, तर तोच माणूस सर्वांत आधी मोकळा करायचा आहे. हा कागद प्रशिक्षकाच्या समोरच तयार व्हावा, कारण आपण किती ओढतो आहोत हे कित्येकदा त्यालाही माहीत नसते, आणि माहीत असले तरी बोलून दाखवायला तो संकोचतो.

प्रशिक्षक आणि त्याच्या जोडीचा दुसरा

मुख्य प्रशिक्षकाकडे राष्ट्रीय महासंघाचे वैध प्रमाणपत्र असावे, हे सांगायला नको. मात्र बहुतेक ठिकाणी विम्याचे संरक्षण प्रमाणित प्रशिक्षक मॅटवर हजर असेल तरच लागू होते. याचा अर्थ असा की तो आजारी पडला किंवा परगावी गेला, तर वर्ग एक तर बंद ठेवावा लागतो किंवा विम्याविना घ्यावा लागतो, आणि या दुसऱ्या मार्गाला कोणीही जाऊ नये. म्हणून क्लब सुरू झाल्याच्या पहिल्याच वर्षात दुसऱ्या एका व्यक्तीला प्रशिक्षकाच्या प्रमाणपत्र वर्गाला पाठवावे आणि तिचे शुल्क क्लबाने भरावे. पैसा कमी असेल तर नव्या ज्युदोगींची खरेदी पुढे ढकलावी, हे शुल्क मात्र ढकलू नये.

तपकिरी, म्हणजे काळ्याच्या आधीच्या बेल्टचे मोठे विद्यार्थी साहाय्यक म्हणून उत्तम काम करतात, पण त्यांना ‘जरा लहानांकडे बघ’ असे मोघम सांगण्यात अर्थ नाही. त्यांना एक कोपरा, एक गट आणि एकच विषय द्यावा. उदाहरणार्थ, नव्याने आलेल्या पाच जणांकडून मागे पडण्याची उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याची पद्धत, करवून घ्यायची: आधी पाठीवर निजून, मग उकिडवे बसून, मग उभ्याने, आणि प्रत्येक वेळी हनुवटी छातीकडे ओढलेली आहे की नाही, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर आहे की नाही, एवढेच पाहायचे. हनुवटी सुटली की डोके मॅटवर आपटते. सोळा-सतरा वर्षांच्या साहाय्यकाला हे एकच काम नेमके सोपवले, तर तो ते मुख्य प्रशिक्षकाइतक्याच बारकाईने करतो, कारण त्याचे लक्ष वाटले गेलेले नसते.

साहाय्यकाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट ठरवाव्यात. अल्पवयीन साहाय्यकाने एकट्याने वर्ग घ्यायचा नाही, रांदोरीच्या (मुक्त लढतीच्या सरावाच्या) जोड्या मुख्य प्रशिक्षकानेच लावायच्या आणि त्या लावताना वजन, उंची व अनुभव या तिन्हींचा विचार करायचा.

मॅट अंथरणारे हात

स्वतःची कायमची जागा नसलेल्या क्लबात सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम मॅटचे असते. ज्युदोची मॅट साधारणपणे २ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड असते. ८ बाय ८ मीटरचा चौकोन, म्हणजे स्पर्धेतील लढतीच्या क्षेत्राचे किमान माप, झाकायला अशा ३२ मॅट लागतात. एका मॅटचे वजन २० किलो धरले, तरी प्रत्येक वर्गाला सहाशे किलोंहून अधिक वजन आधी वाहून अंथरायचे आणि नंतर पुन्हा उचलून रचायचे असते. हे काम प्रशिक्षक आणि त्याचा एखादा मित्र दर आठवड्याला करत राहिले, तर त्यांची कंबर शिकवण्यात नव्हे, ओझे वाहण्यातच जाईल.

यासाठी एक मॅटप्रमुख नेमावा. तो स्वतः ज्युदो खेळणारा असण्याची मुळीच गरज नाही. त्याने वर्गाच्या वीस मिनिटे आधी यावे, प्रौढ सदस्यांच्या जोड्या करून एकेक मॅट दोघांकडून उचलवावी, भिंतीच्या किंवा चौकटीच्या सरळ रेषेपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक नवी मॅट टाचेने आधीच्या मॅटला घट्ट भिडवून घ्यावी. शेवटी अनवाणी पायांनी सगळ्या सांध्यांवरून चालत जावे. जिथे पायाचे बोट सांध्यात शिरते, तिथे कोणाचे तरी बोट पीळ बसून मोडू शकते, म्हणून अशी एक जरी फट उरली असेल, तरी वर्ग सुरू करू नये. वर्ग चालू असताना मॅट सरकतातच, त्यामुळे मधल्या विश्रांतीत ही पाहणी पुन्हा करावी.

मॅट पुसणे हेही याच माणसाच्या अखत्यारीत यावे. नायट्यासारखे त्वचेचे संसर्ग मॅटवरून आणि अंगाला अंग लागल्याने झपाट्याने पसरतात. मॅटबाहेर चप्पल आणि मॅटवर अनवाणी पाय, कापलेली नखे, धुतलेला ज्युदोगी आणि अंगावर उठलेले कोणतेही चट्टे झाकून नव्हे तर दाखवून यायचे, हे नियम दारातच कोणीतरी प्रेमाने पण न चुकता तपासले पाहिजेत.

दुखापत झाली तर पहिल्या मिनिटात कोणी काय करायचे

या भागावर प्रत्येक क्लबाने एक पूर्ण बैठक घ्यावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. जपानमधील शाळांत १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे समाजशास्त्रज्ञ उचिदा ऱ्यो यांनी नोंदी तपासून दाखवून दिले. त्यांत डोक्याच्या दुखापतींचे प्रमाण मोठे होते आणि नवशिके विद्यार्थी बरेच होते. ज्युदोच्या मायदेशी हे घडले. तेव्हा आपल्याकडे काळजी घेतली जाते एवढ्या समाधानावर कोणी राहू नये.

समजा, ओसोतोगारी या मागे पाडण्याच्या डावाच्या सरावात एक मुलगी मागे पडली आणि तिचे डोके आपटले. मुख्य प्रशिक्षक ‘मात्ते’ (थांबा) म्हणून संपूर्ण वर्ग थांबवतो. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मुलीजवळ गुडघ्यांवर बसते, तिला उठवायची घाई करत नाही, मानेत दुखते का, हातापायांत बधिरपणा आहे का, हे विचारते, आणि मानेची शंका आली तर तिला जागचे हलवत नाही. साहाय्यक बाकीच्या मुलांना मॅटच्या दूरच्या कडेला नेऊन पाठमोरे बसवतो. दारात हजेरी घेणारी व्यक्ती नोंदवहीतून पालकांचा क्रमांक काढून फोन लावते आणि गरज पडल्यास रुग्णवाहिका बोलावते. मॅटप्रमुख रुग्णवाहिकेला वाट दाखवायला बाहेर जाऊन उभा राहतो. पाच माणसे, पाच कामे, आणि त्यांतले एकही काम त्या क्षणी ठरवायचे नाही.

मेंदूला हादरा बसल्याची नुसती शंका आली, तरी त्या दिवशी पुन्हा मॅटवर येऊ द्यायचे नाही, हा नियम कोणाच्याही विनवणीने मोडू नये. ‘मी ठीक आहे’ हे मुलाचे म्हणणे आणि ‘अंतिम सामना आहे’ हे पालकांचे म्हणणे दोन्ही तिथे गैरलागू आहेत. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यातला गोंधळ दिसला तर थेट रुग्णालय गाठावे. परतणे डॉक्टरांच्या परवानगीने आणि टप्प्याटप्प्याने व्हावे, आणि त्यात पडण्याचा सराव व रांदोरी सर्वांत शेवटी यावी. प्रत्येक घटनेची नोंद त्याच दिवशी लिहून ठेवणारी व्यक्तीही आधीच ठरलेली असावी.

मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी

ज्युदो हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे आणि त्यात शिकवणाऱ्याचा शब्द आज्ञेसारखा मानला जातो. हीच या खेळाची शिस्त आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे. २०१२ आणि २०१६ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेल्या अमेरिकेच्या केला हॅरिसन यांनी, किशोरवयात आपल्या तेव्हाच्या प्रशिक्षकाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी जाहीरपणे सांगितले आहे; त्या प्रशिक्षकाला न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षाही दिली. असा माणूस क्लबात येणारच नाही असे गृहीत धरणे म्हणजे मुलांना एकटे सोडणे होय.

म्हणून बालसुरक्षेची जबाबदारी अशा व्यक्तीकडे द्यावी, जी प्रशिक्षकाची नातेवाईक नाही, त्याच्या हाताखाली शिकत नाही आणि त्याला नाही म्हणायला कचरत नाही. तिचे नाव, छायाचित्र आणि फोन क्रमांक हॉलच्या दारावर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा. वर्गात कायम किमान दोन प्रौढ हजर असावेत. प्रशिक्षकाने मुलांशी खासगी संदेशांतून बोलू नये, पालकांचा समावेश असलेल्या गटातच सूचना द्याव्यात. स्पर्धेच्या प्रवासात एखाद्या मुलाला एकट्याने गाडीत नेऊ नये. शिकवताना स्पर्श करावाच लागतो, पण पकड किंवा जमिनीवरचे दाबतंत्र दाखवण्याआधी कुठे आणि कशासाठी धरणार हे बोलून सांगावे. हात आपटून दिलेली सुटकेची खूण, समोर कितीही मोठा खेळाडू असो, तत्क्षणी मानली जावी.

लहान मुलांना वजनगट गाठण्यासाठी उपाशी ठेवणे, पाणी तोडणे हे प्रकारही याच व्यक्तीच्या कक्षेत येतात आणि ते थांबवण्याचा पूर्ण अधिकार तिला असावा. जपानच्या ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या हव्यासापायी मोठी माणसे मुलांवर नको ते लादत होती. तो निर्णय मला धाडसी आणि योग्य वाटतो.

पैसा आणि कागदपत्रे

वर्गणी प्रशिक्षकाने हातात घेऊ नये. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका आहे म्हणून नव्हे. पैसे थकलेल्या पालकाशी बोलण्याची वेळ त्याच्यावर आली की त्याच पालकाच्या मुलाकडे त्याची नजर बदलण्याचा धोका असतो. खजिनदार वेगळा असावा, प्रशिक्षकाचा जोडीदार नसावा, बँक खात्यावर दोन सह्या लागाव्यात आणि दर महिन्याला अर्ध्या पानाचा जमाखर्च सर्व सदस्यांना दिसावा. सचिवाकडे वर्षाचे एक वेळापत्रक असावे आणि त्यात नूतनीकरणाच्या तारखा किमान एक महिना अलीकडे लिहिलेल्या असाव्यात.

मदत कशी मागावी

‘कोणी मदत करू शकेल का?’ असे सर्वांना उद्देशून विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. त्याऐवजी एकाच व्यक्तीला, एकच काम, मुदतीसह सांगावे: ‘पुढचे तीन महिने दर मंगळवारी पाऊण तास दारात हजेरीची वही सांभाळाल का?’ अशा प्रश्नाला माणूस हो म्हणू शकतो आणि मोकळेपणाने नाहीही म्हणू शकतो. मुलाला सोडून बाहेर गाडीत बसून राहणारे पालक बहुधा कोणी विचारलेच नाही म्हणून तिथे बसलेले असतात. हिशेब जमणारा, शिवणकाम येणारा, परिचारिकेचे काम करणारी, छायाचित्रे काढणारी अशी माणसे त्यांच्यातच निघतात. नोंदणीच्या अर्जात पालकांचा व्यवसाय आणि आवड विचारणारी एक ओळ ठेवली, तर हे शोधणे सोपे जाते.

पालकांना काम देताना एक सीमा मात्र पाळावी. मॅटच्या कडेवरून आपल्या मुलाला सूचना देण्याचा अधिकार कामाच्या बदल्यात कोणालाही मिळत नाही.

गुडघे थकलेले जुने खेळाडू

रांदोरी झेपेनाशी झाली की अनुभवी खेळाडू हळूहळू येईनासे होतात आणि त्यांच्याबरोबर क्लबाची कित्येक वर्षांची जाण निघून जाते. त्यांना वेळीच दुसरी वाट दाखवावी. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायची तंत्रे, शिकवणे हे त्यांच्यासाठी उत्तम काम आहे, कारण त्यात ताकदीपेक्षा अचूकता लागते. पंचगिरी हे दुसरे. नियम सतत बदलतात: पायाला थेट हात घालण्यावर २०१० मध्ये बंदी आली, ‘युको’ हा गुण २०१७ मध्ये बंद झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. हे बदल अभ्यासून क्लबाला समजावणारा एक माणूस असेल, तर मुले स्पर्धेत नकळत दंड ओढवून घेत नाहीत. गुणफलक आणि घड्याळ सांभाळणाऱ्या पालकांनाही त्यानेच तयार करावे.

संघटनेच्या कामाला कमी लेखणाऱ्या जुन्या खेळाडूंना रस्टी कानोकोगी यांची हकिकत जरूर सांगावी. १९५९ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत पुरुषांच्या संघातून त्या लढल्या आणि जिंकल्या, पण स्त्री असल्याचे कळताच त्यांचे पदक काढून घेण्यात आले. त्यानंतर त्यांनी संघटनेचे काम हाती घेतले, स्वतःचे घर गहाण टाकून १९८० मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवली, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या ज्युदोला पदकांसह स्थान मिळाले. त्या अर्ज, पत्रव्यवहार आणि पैशांची जुळवाजुळव यांतून आज मॅटवर उतरणाऱ्या प्रत्येक मुलीची वाट तयार झाली आहे.

सूत्रे सोपवताना

१९३८ मध्ये समुद्रप्रवासात कानो यांचे निधन झाले, तेव्हा कोदोकानची धुरा त्यांचे भाचे नांगो जिरो यांच्याकडे गेली. ते नौदलातले अधिकारी होते. संस्थापक गेल्यावरही संस्था चालू राहिली, कारण तोवर तिचे काम एका माणसापुरते राहिलेले नव्हते. लहान क्लबाला हेच एका वहीने साधता येते. प्रत्येक जबाबदार व्यक्तीने आपल्या कामाचे एक पान लिहावे: काय करायचे, केव्हा, कोणाला फोन करायचा, किल्ल्या आणि पासवर्ड कुठे आहेत, आणि कोणती गोष्ट हमखास विसरली जाते. कोणतेही पद दोन वर्षांसाठीच द्यावे. मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून नव्या व्यक्तीने जुन्या व्यक्तीबरोबर काम करावे आणि शेवटच्या महिन्यात नव्या व्यक्तीने काम करून जुन्या व्यक्तीने नुसते पाहावे. त्या महिन्यात ज्या शंका येतील, त्यांची उत्तरे नव्या व्यक्तीने स्वतःच्या अक्षरात त्याच पानावर लिहावीत आणि वही सचिवाकडे परत द्यावी.